पोलादावरचा हट्टी ओरखडा

घड्याळाच्या कारखान्यात बावीस वर्षं घासकाम केल्यावर माझ्या मनात आलं, हेच घरी बसून केलं तर? सकाळची सहाची बस नाही, दुपारी गरम सूप, वर एक डुलकी (डुलकीचं मी कुणाला बोललो नव्हतो). आमच्या तपासनीस मादाम ब्लोंदेल म्हणाल्या, एक भाग घरी करून दाखवा, शुक्रवारी मी बघायला येते. पसंत पडला तर कायम घरूनच काम, नाहीतर सोमवारी नेहमीची बस.

भाग म्हणजे नखाएवढी पोलादी पट्टी. पोलाद इतकं कडक, की कानस नुसती घसरते. जस्ताच्या पाटीवर हिऱ्याची पेस्ट लावून पट्टी बोटाखाली गोल गोल फिरवायची, पार आरसा होईपर्यंत. मधे धुळीचा एक कण शिरला की संपलंच. म्हणून मी खिडकीजवळ टेबल मांडलं आणि बायकोला, झेलीला, सांगितलं, की कपडे घरात वाळत घालू नकोस, तंतू उडतात. तिनं मुकाट्यानं खिडकीबाहेर दोरी बांधली. (झेली मुकाट असली की जपून राहावं, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं. लग्नाला एकोणीस झालीत.)

मंगळवारी पट्टी चमकली आणि तिच्यावर बारीक ओरखडा दिसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

मी मांजर हाकललं, गालिचा गोठ्यात टाकला. ओरखडा जाईना. बुधवारी मिशी उडवली. उलट जितकं घासावं तितका मेला जास्तच ठळक! मग चुरा पडतो म्हणून पाव बंद केला. गुरुवारी झेलीला लोकरी स्वेटर काढायला लावला. बाहेर बर्फ पडून गेलं होतं.

"ऑरेल, श्वास घेतलेला चालेल ना?" तिनं विचारलं.

"नाकानं घे," मी म्हणालो. "हळू."

शुक्रवारी मादाम यायला अर्धा तास उरला असताना ओरखड्यावर लाल ठिपका उमटला. मी पट्टी डोळ्याशी नेली. ठिपक्याला दोन पाय होते.

मी मान वर केली. खिडकीबाहेर झेली दोरीवर माझी लाल लोकरी विजार वाळत घालत होती.

म्हणजे चार दिवस मी पोलादावरून बायकोची दोरी घासून काढत होतो! मला इतका आनंद झाला, की बाहेर धावत जाऊन मी झेलीला विजारीसकट उचललं. ती म्हणाली, आधी पाव आण.

मादाम आल्या. पट्टीत बघून त्यांनी स्वतःची बट सारखी केली. असं पॉलिश आपण तीस वर्षांत पाहिलं नाही, म्हणाल्या. मी खुर्चीत रेललो. मग त्यांनी मापकात पट्टी धरली. पुसून पुन्हा धरली.

"मोस्ये ऑरेल, हिची जाडी कुठे गेली?"

मी पाटीवरच्या काळ्या चिखलाकडे बोट दाखवलं.

"सोमवारी या," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "बस सहाचीच आहे."

त्या गेल्या. झेलीनं तोंडाला एप्रन लावला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. तिचे खांदे हलत होते. बिचारीनं माझं अपयश फारच मनाला लावून घेतलं, असं वाटून मी समजूत घालायला मागोमाग गेलो.

टेबलावर माझा सोमवारचा डबा भरून तयार होता.