रायगोंडाच्या खुर्चीत वीस मिनिटं

धंदा आणि मैत्री वेगळी कशी ठेवायची, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या. बावीस वर्षं कृषी प्रदर्शनांत उभा राहतोय मी. पायांच्या शिरा फुगल्या, घसा बसला, पण या दोन गोष्टींची सरमिसळ कधी होऊ दिली नाही. असं मी परवाच्या सांगलीच्या प्रदर्शनापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो!

मी साताऱ्याच्या मानसिंगरावांकडे नोकरीला. आमच्या पाण्याच्या मोटरी. रायगोंडा सांगलीच्या जिनेंद्रशेठांकडे, त्यांच्या ठिबकच्या नळ्या. बारा वर्षं दोन्ही माल जोडीनं खपला, स्टॉल शेजारी लागले आणि आम्ही इतके जवळ आलो, की त्याच्या मुलीच्या, कस्तुरीच्या लग्नात अक्षता वाटायला मीच होतो. गेल्या पावसाळ्यात मानसिंगरावांनी स्वतःच्या नळ्या काढल्या, शेठांनी स्वतःची मोटर काढली आणि मालकांचं बोलणं बंद झालं. रायगोंडाशी बोलताना दिसलास तर तिथूनच घरी जायचं, असं मला बजावण्यात आलं. बावन्नाव्या वर्षी घरी जाऊन मी करणार काय?

प्रदर्शनवाल्यांनी मात्र सवयीनं स्टॉल शेजारीच दिले. आम्ही तीन दिवस एकमेकांकडे पाठ करून, कानाला मोबाईल धरून, फोनवर बोलल्यासारखं एकमेकांशी बोललो. दोन फुटांवरचा माणूस आणि मी "हॅलो, हॅलो" करतोय!

अडचण एकच होती. रायगोंडा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. साडेपाचला तो डबा घेऊन मागं जाणार आणि त्याचा स्टॉल मी सांभाळणार, ही आमची रीत. ज्याच्या खुर्चीत बसायचं त्याचाच माल विकायचा, हेही ठरलेलं. पहिले दोन दिवस तो उपाशीच राहिला. तिसऱ्या दिवशी नुसता डब्याकडं बघायला लागला. मला राहवेना. माझी कंपनीची टोपी खिशात कोंबली, त्याची चढवली आणि त्याला पिटाळलं.

दोनच मिनिटांत माणच्या शालूबाई समोर येऊन बसल्या. त्यांच्या शेतकरी गटाचं चाळीस एकर डाळिंब. मी नळीचे गुण गायले, मोटरीचे गायला लागलो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"समदी आपलंच चांगलं म्हनत्यात. आमच्याकडं पानी थेंबानं हाय, दादा. खरं काय त्ये सांगा."

तीन दिवस बोलून खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. मी म्हणालो, "नळी हीच घ्या. मोटर शेजारची घ्या. हितली मोटर उन्हाळ्यात तापती, अन् शेजारची नळी उंदरं खात्यात."

एका दमात दोन्ही कंपन्या बुडवल्या! शालूबाईंनी माझ्या मागं बघितलं. मागं मानसिंगराव उभे. बाईंना दहिवडीहून स्वतःच्या गाडीतून त्यांनीच आणलेलं. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची खबर लागून जिनेंद्रशेठही येऊन ठेपलेले.

"मोटर ह्यांची, नळी त्यांची. एका बिलात देत असाल तर समद्या चाळीस एकराचं घेते. न्हाईतर ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या.

मालकांनी पाच महिन्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाईंना घेऊन चहाला गेले. रायगोंडा अर्धी भाकरी हातात घेऊन धावत आला. सगळं ऐकून त्यानं भाकरी टेबलावर ठेवली.

"माझ्या भुकंपायी तुझी नोकरी गेली, गड्या," तो म्हणाला. "तुला काढलं तर मीबी ऱ्हात न्हाई."

असा मित्र मिळायला नशीब लागतं.

तासाभरानं मालक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परतले. कंपन्यांची पुन्हा जोडी जमली होती. मानसिंगरावांनी माझी पाठ थोपटली. "नाथाजी, लय मोठं काम केलंस. आता उद्यापास्नं स्टॉल एकच. अन् फुडल्या प्रदर्शनापास्नं माणूसबी एकच. उद्या ज्याच्या ऑर्डरी जास्त, त्यो ऱ्हाईल."

शेवटच्या दिवशी आम्ही एकाच टेबलामागं उभे होतो. बोलायला आता कुणाची बंदी नव्हती. दिवसभरात एक शब्द बोललो नाही. गिऱ्हाईक दिसलं की दोघंही एकदम पुढं व्हायचो. प्रदर्शन संपलं तेव्हा त्याच्या सतरा ऑर्डरी झाल्या, माझ्या अठरा.

शेवटचं गिऱ्हाईक खरं तर त्याच्याकडं निघालं होतं. मी मधे आडवा आलो.