शामलाबाईंची कबुली

"या अंगणात विषाणू शिरला तर माझी डिग्री परत करतो, फादर!" रोशनने छाती फुगवून सांगितलं.

डिग्री सूक्ष्मजीवशास्त्राची होती, नवीकोरी होती आणि ती परत मागायला कोणी येणार नव्हतं. तरी फादरनी मान डोलावली. दुसरं काय करणार? कोरोनाची दुसरी लाट नागपुरावर कोसळली होती. चर्चला कुलूप. चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, मोबाइलवर. ईस्टर चार दिवसांवर! मिस्सा मोबाइलवर बघता येते, पण पापांची कबुली काही फोनवर देता येत नाही, तिथे धर्मगुरू समोरच लागतो. म्हणून चर्चमागच्या अंगणात, एका वेळी एकच माणूस, असं पंधरा जणांना बोलवायचं ठरलं.

त्या पंधरांत रोशनची आई होती आणि रोशनची झोप तिथेच उडाली होती. मागच्या सप्टेंबरात याच आजाराने बाबा गेले. ना घंटा, ना मिस्सा, चार माणसांत माती. आईला मधुमेह. ती नुसती दूध आणायला नंदनवनच्या चौकात गेली तरी हा दोनदा फोन करायचा.

"आई, या वर्षी घरूनच सांग ना देवाला!"

"चाळीस वर्षांत, मागचा लॉकडाऊनवाला सोडला तर, माहा एक बी ईस्टर कबुलीशिवाय गेला नाही," शामलाबाई म्हणाल्या. "अन् तू काहून अडवून राहिला? देवाले बी मास्क लावतो का?"

मग रोशन कामाला लागला. खुर्च्यांमध्ये टेपने मोजून दोन मीटर दहा सेंटिमीटर अंतर. मधोमध पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. फाटकावर सॅनिटायझर. आणि साठीच्या फादरना झग्यावरून पूर्ण पीपीई किट, दुहेरी हातमोजे, दोन मास्क, गॉगल, वर फेसशील्ड! त्यावर फादरनी कबुलीची जांभळी पट्टी गळ्यात घातली, तेव्हा एखाद्या अंतराळवीराची बदली थेट चर्चमध्ये झाल्यासारखं वाटलं.

"गरम होऊन राहिलं गा, रोशन."

"फादर, विषाणूला दयामाया नसते!"

पहिले सहा जण सरासरी तीन मिनिटांत मोकळे झाले. सातव्या शामलाबाई. पाच मिनिटं झाली. सात झाली. नवव्या मिनिटाला फादर ताडकन उभे राहिले, डुलले, खुर्ची धरली. शील्डमागचा चेहरा आधी टोमॅटोसारखा होता, तो बघता बघता चुन्यासारखा झाला!

"बंद कर... सगळ्यांले घरी पाठव."

"फादर! आई काय बोलली?"

फादरनी हात वर केला. "ते मले सांगता येत नाही." आणि भिंत धरत धरत आत गेले. दार बंद!

रोशनने लगेच हिशेब मांडला. बरोबर! कबुलीत ऐकलेलं धर्मगुरू प्राण गेला तरी फोडत नाही. म्हणजे आईने ताप लपवला होता! वास येत नसेल! पाप म्हणून ते फादरना सांगितलं आणि फादर अडकले, बोलावं तर व्रत मोडतं, न बोलावं तर माणसं मरतात! एकामागून दुसरं घडलं म्हणजे एकामुळेच दुसरं घडलं असं मानू नये, हे त्याने परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. पण परीक्षेत आई नव्हती.

"आई, तू फादरना काय सांगितलं?"

"तू कधी फादर झाला गा?"

"ताप आहे?"

"आहे. डोक्यात. तुह्यामुळं."

घरी येताच त्याने आईला आतल्या खोलीत बंद केलं. ताट झाडूच्या दांड्याने आत ढकललं. लॅबचा माणूस येऊन नाकातला नमुना घेऊन गेला, ते गल्लीने पाहिलं. रांगेत आठव्या असलेल्या प्रमोदिनीताईंनी चर्चच्या ग्रुपवर टाकलं, "शामलाबाई बोलल्या अन् फादर कोसळले!" अर्ध्या तासात रांगेतल्या पाच जणांना खोकला सुरू झाला. एकाने तर आपली चव गेल्याचं जेवणाआधीच जाहीर केलं!

रोशनने फादरना फोन लावला. पलीकडून क्षीण आवाज आला, "सगळ्यांले सांग... भरपूर पाणी प्या... आराम करा..."

डॉक्टर पेशंटला हेच सांगत होते! फोन हातातून पडला. बाबांनाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

दोन दिवस तो बंद दाराला पाठ लावून बसला. आतमध्ये ऑक्सिमीटर दिला होता. दर दोन तासांनी आवाज द्यायचा, "आई, किती?"

"सत्त्याण्णव!"

आकडा यायला क्षणभर उशीर झाला तरी हा दारावर थाप मारायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. रिपोर्ट आला, निगेटिव्ह. आणि फादरचा फोन आला, खणखणीत.

"अबे, मले ऊन लागलं होतं! बेचाळीस डिग्रीत तू मले प्लास्टिकमध्ये शिजवून राहिला. दोन दिवस कैरीचं पन्हं पिऊन पडलो होतो."

"मग... आई..."

"आईचं आईले विचार. मी सांगत नसतो!"

रोशनने दार उघडलं. तो रडत होता की हसत, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शामलाबाई पलंगावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी ऑक्सिमीटर, खोक्यात. सेलवरचं वेष्टणसुद्धा काढलेलं नव्हतं!

"आई! मग ते सत्त्याण्णव?"

"मनानं सांगत होती." त्या खाली बघत म्हणाल्या. "तुह्या बाबाचा आकडा पाहता पाहता उतरला. मले ते यंत्र पाहवत नाही. पण आकडा नाही सांगितला तर तू दारातच मरशील, असं वाटलं."

रोशनने सेल घातले आणि आईचं बोट हातात घेतलं. तिने डोळे घट्ट मिटले. अठ्ठ्याण्णव!

"आता तुहं," डोळे उघडत त्या म्हणाल्या आणि यंत्र त्याच्या बोटाला लावलं. ऑक्सिजन नव्याण्णव. नाडी एकशे अठ्ठेचाळीस!

शामलाबाईंनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"मंग दोन दिवस आत कोंडायचं कोणाले होतं गा?"