बादलीतलं समुद्रफूल

धानोऱ्याच्या लाकूड डेपोतले कारकून गुणवंतराव यांनी लेकीच्या मॉडेलला हातभार लावायचं ठरवलं, आणि इथूनच सगळं बिघडलं.

त्यांची सहावीतली रोशनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उतरणार होती. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण ही पोरगी चार माणसं दिसली की मुकी व्हायची. पंधरा ऑगस्टला भाषणाला उभी राहिली, माईककडे बघितलं आणि तशीच खाली उतरली. त्यानंतर यंदा तिने स्वतःहून हात वर केला होता. ती या वेळी बोलावी, एवढीच गुणवंतरावांची इच्छा होती. (मदत करायचीही होती. ती इच्छा नसती तर बरं झालं असतं.)

विषय होता विदूषक मासा आणि समुद्रफूल. या घरात समुद्र पाहिलेले एकटे गुणवंतराव. तोही दादरला चैत्यभूमीच्या रांगेतून, लोकांच्या डोक्यांवरून दिसला तेवढाच. तरी तज्ज्ञ तेच ठरले.

"बाबा, ते फूल दिसते, पण प्राणी हाये," रोशनीने समजावलं. "त्याचे हात डंख मारते. दुसरा मासा शिवला का गेला. या माशाच्या अंगावर चिकटा राह्यते, म्हणून त्याले काई होत नाई. फूल माशाले लपवते, अन् मासा फुलाच्या दुश्मनाले हाकलते."

"आपलं फूल कायचं?"

"बादलीत लोकर बांधतो."

"लोकर डंख मारते का?" गुणवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेपोवरून येताना ते खाजकुहिलीच्या शेंगा घेऊन आले. चांगल्या वाळलेल्या, मखमली. त्यांचं बारीक केसांसारखं कूस अंगाला लागलं की माणसाचं काय होतं, हे जंगलातल्या माणसाला सांगायला नको. गुणवंतरावांनाही ते ठाऊक होतं. (नुसते अडाणी असते तर बायकोला एवढा त्रास झाला नसता.) त्यांच्याकडे तोड होती, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल.

"फणस कापताना हाताले तेल लावतोच ना आपण? तोच माशाचा चिकटा. तेल लावून हात घालायचा. सर पाह्यतच राह्यतीन."

"पोरीचा हात घालान तर पाहा," रोशनीची आई रंजीताबाई म्हणाल्या.

"पहिले माहा घालतो ना."

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि शेंगांच्या बादलीत हात घातले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. त्या पाच मिनिटांत गुणवंतराव जिल्हा जिंकले, राज्य जिंकले. सहाव्या मिनिटाला त्यांनी मान खाजवली. तेलाने कूस अडवलं नव्हतं, नुसतं धरून ठेवलं होतं. आता ते हातावरून मानेवर आणि मानेवरून पोटावर निघालं.

"काऊन नाचून राह्यले?" रंजीताबाईंनी विचारलं.

"नाचून नाई राह्यलो."

रंजीताबाईंनी शेंगा काठीने उचलून परसात पुरल्या, बादली धुतली, रोशनीला लोकर बांधायला दिली आणि खाजेवर उतारा म्हणून नवऱ्याला हातापासून मानेपर्यंत ताज्या शेणाने लिंपलं.

"घरीच राहा आता."

"मी समोर दिसलो नाई तर पोरगी बोलनार नाई," गुणवंतराव म्हणाले. हे खरं होतं, त्यामुळे ते तसेच दोघींबरोबर निघाले.

परीक्षक टेबलासमोर आले. रोशनीने तोंड उघडलं आणि मिटलं. परीक्षक थांबले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पेन उघडलं. नेमकी तेव्हाच गुणवंतरावांची पाठ पेटली. ते मागच्या खांबाला टेकले आणि बैल घासतो तसे घासू लागले. पोरं फिदीफिदी हसली.

"हे कोण? यांना काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

रोशनीचे कान लाल झाले. बापाला कोणी हसलेलं तिला आजवर कधी सहन झालं नव्हतं. ती टेबलाच्या पुढे आली.

"सर, हा दुसरा मासा हाये," ती म्हणाली. "याच्या अंगावर चिकटा नाई. हा फुलाले शिवला."

हसणं थांबलं. मग ती सात मिनिटं बोलत होती. डंख, चिकटा, कोण कोणाला सांभाळतं, सगळं. गुणवंतराव खाजवायचं विसरले (जवळजवळ). त्यांचे डोळे भरून आले, पण हाताला शेण. रंजीताबाईंनी पदराने पुसले.

पहिला नंबर आला. गडचिरोलीला जायचा फॉर्म रोशनीने घरी बसून भरला. साहित्य: बादली एक, लोकरीचे गुंडे दोन, वडील एक. परीक्षकांनी खाली आधीच लाल शाईने लिहून ठेवलं होतं, 'प्रतिकृती जिल्ह्यावर याच अवस्थेत आणावी.'

गुणवंतरावांनी ते दोनदा वाचलं.

"तिथं किती दिवस राह्यते हे प्रदर्शन?"

"तीन," रोशनी म्हणाली, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.