भरलेल्या नऊ जागा

ज्या गावाचा रस्ता खराब असतो त्या गावाला विमानाची गरज असते, हे कुणीही मान्य करील. विमान आहे म्हणून रस्ता दुरुस्त करायची गरज नाही, हे सुचायला मात्र सरकारच लागतं.

या न्यायाने डोंगरातल्या त्या गावाला नऊ आसनी विमान मिळालं. तिकिटाचा मोठा वाटा सरकार उचलणार. अट एवढीच की जागा भरल्या पाहिजेत. वर्षात तीनदा जागा रिकामी गेली की सेवा बंद. (जागा भरायच्या कुणी, याविषयी योजना मौन पाळते.) विमानतळाच्या व्यवस्थापकाने मग घरटी पाळी लावली. शहरात काम नसल्यामुळे बहुतेक जण तिथे उतरतही नसत. बसल्या जागी चहा पिऊन त्याच विमानाने परत. अहवालानुसार प्रवाशांचं समाधान अठ्ठ्याण्णव टक्के होतं. उरलेले दोन टक्के म्हणजे न्हावी. त्याच्या खिडकीतून दोन्ही वेळा नुसता पंखच दिसला.

यंदा दोन जागा रिकाम्या गेल्याच होत्या. (मास्तरांचा ताप, शिंप्याची भीती.) अशात बुधवारी शहरातल्या इस्पितळाचा फोन आला. व्यवस्थापकाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन सहा महिने रखडलं होतं. कुणीतरी ऐनवेळी माघार घेतली म्हणून शुक्रवारी सकाळची वेळ मोकळी झाली होती. गुरुवारचं विमान भरलेलं. नववी जागा खुद्द व्यवस्थापकाची, कारण त्याची पाळी होती. त्याने नियम काढून पाहिला. रद्द झालेल्या जागेवर दुसरं कुणी बसलं, तरी कागदावर ती रिकामीच. म्हणजे तिसरी.

"आई, मी पाळी रद्द करतो. होऊ दे बंद."

"आणि मग तू काय, धावपट्टीवर गुरं राखणार?" आई म्हणाली. "जीपने जाते मी. बारा तास तर लागतात. तुमच्या त्या उलटीच्या पिशव्या तेवढ्या दे चार."

"त्या मोजून येतात गं."

"मग दोन दे."

गुरुवारी पहाटे शेजारणीला सोबत घेऊन ती निघाली. दहाला विमान उडालं. खाली घाटात धूळ उडवत एक जीप चालली होती, आणि व्यवस्थापकाला स्वतःची मनापासून लाज वाटली. तेवढ्यात अभिप्रायाचा कागद हातात आला: 'या सेवेमुळे कुटुंबातील वृद्धांचा प्रवास सुखकर झाला का?' पर्याय दोन होते, 'हो' आणि 'खूप'. त्याने प्रामाणिकपणे 'हो'वर खूण केली.

बाकीच्या आठ जणांना सगळं ठाऊक होतं. नियमाचा त्यांना भयंकर राग आला होता आणि तो त्यांनी आपापल्या जागी बसून, पट्टा बांधून व्यक्त केला. वाचकहो, तुम्हांलाही आत्ता आलाच असेल. तुम्हीही बसूनच आहात.