गुलाबकाकांचा ओढा

जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गुलाबकाकांनी नुसतं 'जेवलात का?' विचारलं, तरी गल्लीला वाटतं भांडण लागलं. भोकरदनच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. ड्रायव्हरांवर आणि प्रवाशांवर ओरडून ओरडून आवाज चढला, तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. नातीच्या बारशात पाळण्याची दोरी ढिली दिसली म्हणून त्यांनी व्याह्यांना असं झापलं, की बाळ सोडून सगळे रडले.

हेच काका मागच्या मे महिन्यात आमच्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, हिमाचलला चाललो. जंगलात, तंबूत राह्यचं. तुम्ही दोघं येऊन राह्यले."

ते विचारत नव्हते, कळवत होते. सुमनकाकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांचा आजवरचा सगळा प्रवास घनसावंगीचं माहेर ते जालना, एवढाच.

वाटेत काका घाटाच्या वळणांवर चिडले. "सरळ रस्ता काढायला काय झाल्तं यांना?" वर पोचलो तर देवदारांचं दाट जंगल, खाली दगडांतून उड्या मारत जाणारा बर्फाच्या पाण्याचा ओढा आणि काठाने तंबू. माझी बायको हरखून गेली. काका थंडीवर चिडले, तंबूच्या चेनवर चिडले. अंगात घालून झोपायची पिशवी पाहून म्हणाले, "मी गहू हाय का, पोत्यात भराया?" शेजारच्या तंबूतल्या पोरांनी ओढ्याकाठी स्पीकर लावला, तर काकांनी तो बंद होईपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहून आगारातल्या आवाजात घोषणा केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कहर झाला. काका कॅम्पच्या स्वयंपाकघरात घुसले आणि सगळी रिकामी पातेली, बादल्या, पिंपं मागू लागले. मॅनेजर म्हणाला, पाणी तर तंबूशेजारच्या नळाला चोवीस तास आहे. काका भडकले. "नल का बोलूच नको! बर्तन खाली कायको रखे?" मॅनेजरही तापला. पुन्हा असं केलंत तर सामान बांधा, म्हणाला. काकांनी त्याच्यासमोरच दोन बादल्या उचलल्या, वर एक पातेलं ठेवलं आणि निघाले. परत आले, आणखी नेली. बघ्यांनी मोबाईल काढले.

मी मॅनेजरची माफी मागितली. मनातून असा संतापलो होतो, की आज या माणसाला दोन शब्द सुनावायचेच म्हणून तरातरा ओढ्याकडे गेलो.

काका पँट गुडघ्यापर्यंत वळून त्या बर्फगार पाण्यात उभे होते आणि बादली भरत होते. काठावर भरलेल्या भांड्यांची रांग होती. सुमनकाकू एकेका भांड्यावर झाकण ठेवत होत्या. मला पाहून ओशाळल्या.

"काय सांगू मास्तर," त्या म्हणाल्या, "नळाची वाट बघण्यात जिंदगी गेली. इथं एवढं पाणी डोळ्यादेखत चाल्लंय अन् घरातलं एक भांडं भरलेलं न्हाई. जिवाला चैनच पडंना. येडेपणा हाय, कळतंय मला."

"येडेपणा कसला?" काका माझ्यावरच खेकसले. "आल्यापासून ती टेकली न्हाई! तिला बसवायला तर आणलं मी इथं. नुसतं बघून काय राह्यले, मास्तर? धरा ते पातेलं."

मी धरलं. शेवटचं पिंप भरलं, काकूंनी त्याच्यावर ताट झाकलं, सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि मोठा श्वास सोडला. मग साडी किंचित वर धरून त्या एका दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. गार पाण्याने आधी दचकल्या, मग हसल्या.

काका पाय पाण्यातच ठेवून शेजारच्या दगडावर टेकले. थोड्या वेळाने काकूंचा डोळा लागला आणि त्यांचं डोकं काकांच्या खांद्यावर आलं. मी तंबूतून पंचा घेऊन आलो. काकांचे पाय गारठून लालभडक झाले होते, तरी ते जागचे हलले नव्हते.

"काका, आता बाहेर या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग मला वाकून ऐकावं लागेल इतक्या हळू म्हणाले, "तिचे पाय वर घेऊन पंचा गुंडाळा. उठवू नका."