कमळ-सात-गरुड-टपाल पाटीची हकिकत

श्री. वाहनांस मार्ग, मार्गांस चौकी व चौकीस सुबुद्धी लाभो. शके १९४१, विकारी नाम संवत्सर, श्रावणमास. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, राहणारांस ते ठाऊकच आहे. त्या राज्यात नरहरपंत डोर्ले म्हणोन घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ होते. घरी बिनतारी यंत्र बाळगून चाळीस वर्षे दूरदूरच्या मंडळींशी हौसेने बोलत. या मंडळींत नाव सांगण्याचा रिवाज नाही. सरकारने दिलेली खूण सांगावयाची, अक्षर चुकू नये म्हणोन प्रत्येक अक्षरास एक शब्द लावावयाचा. पंतांची खूण क-७-गट, ते बोलत कमळ-सात-गरुड-टपाल. मग मंडळींनी दरबारी अर्ज केला की, हीच खूण आमचे गाडीचे पाटीवर नंबराऐवजी असावी, म्हणजे संकटसमयी पहारेकरी ओळखतील आणि वाट देतील. दरबार भरला. कारभारी पुसते जाहले, "हे बोलतात कोणाशी?" उत्तर आले, "जो ऐकेल त्याशी." "वेतन कोण देतो?" "कोणी नाही." "मग बोलतात कशास?" एक मानकरी बोलिले की, आज यांस पाटी दिली तर उद्या भजनी मंडळे मागतील. दुसरे बोलिले की, पाटी हिरवी असावी. हिरवी का, हे त्यांसही सांगता येईना. आणि कोणासच काही उमगले नाही, सबब विरोध कोण करणार, कायदा एकमताने मंजूर जाहला. पंतांनी जुनी पाटी काढून नवी लाविली आणि चार दिवस गाडी उगाच पुशीत बसले.

मग त्याच श्रावणात पाऊस ऐसा लागला की खोऱ्यातील दूरध्वनी बंद पडले. धरणाचे अंमलदार सकाळीच पंतांचे दारी आले आणि बोलिले, "दोन प्रहरी दरवाजे उघडणे भाग आहे. खालची तीन गावे तोवर उठली पाहिजेत. निरोप तुम्हीच पोचवा." मध्ये डोंगर, घरून आवाज जाईना, घाटमाथा गाठणे प्राप्त. पंत यंत्र व आवाज धरावयाची तार घेऊन निघाले, तो घाटाचे पायथ्याशी चौकीवर बांबू आडवा. चौकीवर धोंडजी वाघचौरे पहारेकरी. त्यांजपाशी संकटात सोडावयाच्या गाड्यांची यादी होती. तीत पंतांची गाडी होती खरी, परंतु जुन्या नंबराने. नवा कायदा सर्व खात्यांस गेला, चौकीस मात्र धाडावयाचा राहिला. धोंडजींनी यादी पाहिली, पाटी पाहिली, पुन्हा यादी पाहिली आणि पुसिले, "नाव काय तुमचं?" पंतांचे ध्यान घड्याळाकडे, आणि चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघाले, "कमळ-सात-गरुड-टपाल." धोंडजी बोलिले, "टपालाची गाडी लाल असती, बाबा." पंतांनी जुना नंबर सांगितला, तो यादीत सापडला, पण पाटीवर दिसेना. इतक्यात दुधाची गाडी आली, यादीत होती, सुटली. पंत काकुळतीने बोलिले, "अहो, माणसं बुडतील हो." धोंडजी काही दुष्ट नव्हे. त्यांनी वरिष्ठांस विचारावे म्हणोन दूरध्वनी उचलिला, तो मुका. मग डोके खाजवून बोलिले, "तुमाला वर सोडायचा हुकूम न्हाई. पर बांबूला तार बांधू नये, असाबी हुकूम न्हाई."

तार जितकी उंच तितका आवाज दूर, तेव्हा दोघांनी बांबूचे टोकास तार बांधिली आणि बांबू उभा केला. पंत खुणेचे शब्द उच्चारीत बैसले. अर्धा तास केवळ खरखर. मनात भलतेसलते येऊ लागले. मग विहिरीचे तळातून यावा तैसा बारीक आवाज आला, "मयूर-सात-लगोरी ऐकतेय. बोला." खोऱ्यातील शाळेच्या बाई त्या. अठरा वर्षे रोजची बोलणी, भेट कधी नाही. पंतांनी निरोप तीन वेळां सांगितला. तिकडून "समजलं, घंटा वाजवते" इतकेच आले आणि आवाज तुटला. पुढे गावे उठली की नाही, कळण्यास मार्ग नाही. इकडे बांबू उभा, सबब यादीतले, यादीबाहेरचे, सगळे बेलाशक जाऊ लागले. धोंडजी कोणास अडवावे ते न कळोन प्रत्येकास सलाम करू लागले. सर्वांस वाट मोकळी, आणि एकटे पंत तारेस बांधिल्यागत जागीच. दोन प्रहर टळली. पंतांनी पाणी घेतले नाही.

मग घाट उतरोन एक ट्रक आला, त्यामागे दुसरा, बैलगाड्या, म्हातारी माणसे, शेळ्या, कोंबड्या. पहिल्या ट्रकातून पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्या, त्यांनी हिरवी पाटी पाहिली, जवळ येऊन बोट फिरवीत वाचिली, "कमळ, सात, गरुड, टपाल." आणि बोलिल्या, "तिन्ही गावं आलीत. मागं कोणी राहिलं नाही." पंतांनी डोळे पुसोन मग इतकेच पुसिले, "बाई, आपलं नाव काय?"

पुढे दरबारातून चौकशी आली की, बांबू पाच घटका उभा का होता. धोंडजींनी उत्तर लिहिले, ते कोणास समजले नाही, सबब मंजूर जाहले. सारांश, कायदा करणारांस कळला नाही, चौकीस पोचला नाही, पाटी साऱ्या राज्यात एकट्या बाईंनी वाचिली. त्यांचे नाव सगुणाबाई.