रस्त्यापलीकडून बघणारे तायडेभाऊ

माझं अक्षर किडमिडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. चुका सांभाळून घ्याव्यात. पण तायडेभाऊंबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. बाकीच्यांना ते नुसते भांडखोर वाटतात.

तायडेभाऊ चित्र जवळून बघत नाहीत. आमच्या गॅलरीत नवं चित्र लागलं की ते बाहेर पडतात, रस्ता ओलांडतात, समोरच्या पानठेल्यापाशी उभे राहतात आणि तिथून बघतात. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर सायकलवर बसून दोन चकरा मारतात. मग आत येऊन निकाल देतात. "सायकलवरून दिसते" म्हणजे पास. "उतरा लागते" म्हणजे नापास.

ही गॅलरी अमरावतीत एका जुन्या कापडदुकानाच्या गाळ्यात आहे. समोर पूर्ण काच. आम्ही अकरा जण मिळून ती चालवतो. मालक कुणी नाही. झाडू सगळ्यांचा, बसायची पाळी प्रत्येकाची, आणि भिंत प्रत्येकाला सहा फूट. काही ठरवायचं असलं की हात वर करायचे.

भाऊंचं आयुष्य अकोल्यात आणि अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. फ्लेक्स आले तसं ते काम गेलं. तेव्हापासून फ्लेक्स हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. वरण पातळ झालं तरी म्हणतात, "हे तं फ्लेक्स हाय."

देशमुख मॅडम पूर्वी कॉलेजात चित्रकला शिकवायच्या. त्यांनी चिखलदऱ्याच्या धुक्याचं फिकट चित्र लावलं, तेव्हा भाऊ दोन चकरा मारून आत आले.

"मॅडम, कागद कोराच टांगला का तुमी?"

"धुकं आहे ते, तायडे."

"मंग धुकं हटल्यावर काढाचं ना."

मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाऊंनीच एका गिऱ्हाइकाला हाताला धरून त्याच चित्रापाशी नेलं. "हे घ्या. हे घरात ठेवाचं चित्र हाय, रस्त्यावरचं नाही."

मलाही गॅलरीत त्यांनीच आणलं. वलगावात माझी गोधडी दोरीवर वाळत होती आणि हे सायकल थांबवून उभे. मी घाबरून दाराआड गेले. "बाई, कोनं शिवली हे?" मी आतूनच सांगितलं, मी. पुढं सभेत एक-दोघांनी विचारलं, गोधडी म्हणजे चित्र का? भाऊंनी गोधडी काचेत टांगली आणि सगळ्यांना पानठेल्यापाशी नेऊन उभं केलं. "आता सांगा, तुमचं कोनाचं काई दिसते काय हिच्याशिवाय?" एकेक हात वर झाला. मी सभासद झाले.

यंदाच्या उन्हाळ्यात गॅलरीच्या पाटीचा रंग पापुद्रे धरून उडाला. पाटी भाऊंनीच रंगवलेली होती, पट्टी न लावता ओढलेल्या रेघांची. त्या रेघांचा त्यांना फार अभिमान. "मीच रंगवतो," म्हणाले. मग दिवस जाऊ लागले. आज पत्रा चांगला नाही, आज रंगात भेसळ आहे, आज धूळ उडून राहिली.

एकदा माझी पाळी होती म्हणून मी सकाळी लवकर गेले. मागच्या खोलीत भाऊ पत्र्यासमोर उभे होते. उजव्या हातात ब्रश, आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. तरी हात थरथरत होता. पत्र्यावरची रेघ उसवलेल्या दोऱ्यासारखी वळवळत गेली होती.

"काय पाहून राहिली? ब्रश खराब हाय."

"असन भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवला. भाऊ हल्ली चहा अर्धाच कप का मागतात, ते मला तेव्हा कळलं.

मग सभा झाली. साजिद फोटो काढतो, तो आमच्यात सगळ्यात लहान. तो भीतभीत म्हणाला, "पाटीले लय दिवस झाले. फ्लेक्स लावाचा काय?" सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. आता भूकंप होणार.

भाऊ म्हणाले, "लावा ना. मले काय!"

भाऊ रुसले, असंच सगळ्यांना वाटलं. हात वर करायला सांगितलं. फ्लेक्सला पाच हात आले, त्यात एक भाऊंचा, डावा. रंगवलेल्या पाटीला पाच आले, त्यात मॅडमचा सगळ्यात उंच. राहिले मी. मी सभेत कधी बोलत नाही. हात वर करायचा तोही सगळ्यांचा झाल्यावर.

"वनिताताईंचं काय विचारता?" मॅडम म्हणाल्या. "त्यांना तर तायड्यांनीच आणलं. झाले सहा. तायडे, उद्याच घ्या शिडी, आम्ही सगळे बघायला येतो."

भाऊंनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी फ्लेक्ससाठी हात वर केला.

उठताना मॅडम म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची." ते मला लागलं, पण सांगणार काय?

दोन दिवसांनी फ्लेक्सवाला आला. सगळे बाहेर जमले. भाऊ घरीच बसतील असं मला वाटलं होतं, पण ते आले आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी शिडी धरली. फ्लेक्सवाला वर चढला. शिडी खडखड वाजू लागली.

"ओ काका," तो वरून ओरडला, "शिडी कावून हालून राहिली?"

भाऊंनी शिडी आणखी घट्ट धरली. सगळे त्यांच्या हातांकडे बघू लागले. मी पुढं गेले आणि शिडीचा दुसरा पाय धरला.

"जमीनच वाकडी हाय इथली," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमी खिळे ठोका."